उफराट्या मिरचीचं झाड

समजा, तुमच्यापुढे वाळलेल्या मिरचीची रास आहे. खळ्यावर पसरलेली, लालभडक, उन्हात नाकाला झोंबणारी. तुमच्या मांडीवर रिकामं सूप आहे. त्या राशीतून पुढच्या सालच्या बियाण्यापुरत्या सूपभर मिरच्या तुम्हाला निवडायच्या आहेत. घाई नाही. बाकीची रास पोत्यांत भरायला माणसं थांबली आहेत, पण तुमचं सूप भरल्याशिवाय कुणी राशीला हात लावणार नाही. तुम्ही कोणत्या मिरच्या उचलाल?

लांब, सरळ, देठाकडे भरदार. रंग असा की बोटाला लागावा. पांढरा डाग नसलेली, हलवली की आतलं बी खुळखुळणारी. आखूड, वाकडी, फिकी मिरची तुम्ही बाजूला साराल. कुणीही तेच करील. बियाण्याला चांगलीच मिरची घ्यायची, यात शिकवण्यासारखं काय आहे?

सरूबाईनंही तेच केलं. तीस-बत्तीस वर्षं मन लावून केलं, आणि त्यापायीच तिची मिरची हातची जायची वेळ आली.

सरूबाईचं गाव सोयगावच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. रान मुरमाड, कापसाला रुसणारं, पण मिरचीला मानवणारं. घरची मिरची तिच्या सासूनं, आवडाबाईनं, माहेराहून आणलेली. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या साली आवडाबाईचं लग्न झालं आणि पदराच्या गाठीला बांधून तिनं बी आणलं. निदान ती तसं सांगायची. सांगता सांगता चिमूटभर बियाचं मूठभर व्हायचं आणि ऐकणारी नवखी असली तर ओंजळभरही.

राशीतून बी निवडायचा मान घरच्या कारभारणीचा. त्या दिवशी बापयांनी खळ्याच्या बाहेर बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. आवडाबाईच्या एका डोळ्यात फूल पडलं त्या साली तिनं सूप उचलून सरूबाईच्या मांडीवर ठेवलं. "आता तुझ्या डोळ्यांनी," एवढंच म्हणाली. सरूबाई तेव्हा घरात नवीच होती. धान्याच्या कोठीची किल्ली तिला पुढे कितीतरी वर्षांनी मिळाली; सूप मात्र आधी मिळालं. त्यामुळे किल्लीपेक्षा सुपाची किंमत मोठी, हे तिच्या मनात पक्कं बसलं.

सुपाबरोबर आणखी एक काम आलं. शेतात दर साली दोन-चार झाडं अशी निघायची, की त्यांच्या मिरच्या खाली लोंबायच्या नाहीत. आभाळाकडे तोंड करून उभ्या राहायच्या, आखूड आणि बोथट. आवडाबाई त्यांना उफराटी म्हणायची. दिसलं की मुळासकट उपटायचं. "उफराटं झाड रानात ठेवलं की घरात उफराटी सून येती," असं ती म्हणायची. सरूबाई घरात आल्यावरही म्हणायची, आणि तिच्याकडे बघत म्हणायची.

भाद्रपदात मिरच्या धरल्या की सरूबाई सरी सरी फिरून उफराटी झाडं उपटायची. पुढच्या साली पुन्हा दोन-चार हजर. बी तर लोंबत्या मिरच्यांचंच घेतलेलं. मग ही येतात कुठून? आवडाबाईला एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "पाखरं टाकीत असतील." सरूबाईला ते पटलं नाही, पण सासूशी पाखरांवरून कोण भांडणार?

मिरची मात्र दरसाल देखणी होत गेली. आजूबाजूच्या गावांतून बाया बी मागायला यायच्या. सरूबाई द्यायची, पण ऐकवल्याशिवाय नाही. "बी देते. नजर कुठून देऊ?"

एक गोष्ट हळूहळू होत होती आणि हळूहळू होत होती म्हणूनच कुणाच्या ध्यानात येत नव्हती. मिरची दरसाल लांब आणि रास दरसाल बुटकी. दोष कधी पाण्याला, कधी खताला, कधी विहिरीवरच्या मोटरीला गेला. सरूबाईचा नवरा सांडू बोलायला कमी, पण बोलला की टोचणारा. तो म्हणायचा, "तुझी मिरची आता फोटोतल्या नवरीवानी झाली. दिसायला एक नंबर, कामाला नाय."

"खत टाकताना हात आखडता तुम्ही, अन् नाव माझ्या मिरचीला," ती म्हणायची.

मग चिकुनगुन्याचं साल आलं. गावात घरटी एक तरी माणूस खाटेवर होतं. सरूबाईची बोटं, गुडघे, घोटे असे धरले की पाण्याचा तांब्या उचलवेना. पोळा खाटेवरच गेला. त्याच घरात, त्याच ओसरीत झोपणाऱ्या सांडूला काहीच झालं नाही.

"तुम्हाला कामून नाय झालं?" तिनं कण्हत विचारलं.

"मला डास चावतच नाय. कडू रगत हाय."

"मग माझं काय गुळाचं हाय?"

"जलमभर मिरची खाऊनबी तू गोडच राहिली, त्याला मी काय करू?"

अंग ठणकत असतानाही तिला हसू आलं, आणि हसल्यावर बरगड्या दुखल्या.

काठी टेकत ती रानात गेली तोवर भाद्रपद निम्मा सरला होता. रानात कोकडा शिरला होता. मिरचीच्या पानांच्या कडा वर वळून त्यांच्या होड्या झाल्या होत्या, शेंडे गोळा होऊन आखडले होते, फुलं गळून सरीत पडली होती. पानाखाली पांढरी माशी बसते, रस पिते आणि एका झाडाचा रोग दुसऱ्याला देत फिरते. सरूबाई आजारी होती म्हणून यंदा कुणी शेत नीट बघितलं नव्हतं आणि उफराटी झाडंही कुणी उपटली नव्हती. तीही इतरांसारखीच आखडली होती.

फक्त एक सोडून. बांधाच्या कडेला, मक्याच्या पट्ट्याजवळ एक उफराटं झाड उभं होतं. पानं सपाट, हिरवी, तेल लावल्यासारखी. बोथट मिरच्या आभाळाकडे बोटं दाखवत होत्या.

तिचा हात सवयीनं खाली गेला. बुंध्याला तिनं मूठ घातली, पण मूठ वळेना. आजारानं बोटं लाकडासारखी झाली होती. दोनदा ओढून बघितलं. झाड हललंसुद्धा नाही. ती तिथंच बांधावर बसली आणि त्या झाडाकडे बघत राहिली.

"सगळ्या रानात तूच तेवढी राहिलीस व्हय," ती म्हणाली. मग तिनं ते झाड तसंच राहू दिलं.

तिचा मुलगा रामकिसन वाळूजच्या कारखान्यात होता. सुट्टीला तो यायचा तेव्हा कपडे बदलण्याआधी रानात चक्कर मारून यायचा. त्या खेपेला तो परत आला तो चप्पल न काढताच ओसरीवर बसला.

"माय, यंदाची मिरची उपटून टाकू. हरभरा तरी घेता येईल."

"लाल होऊ दे. बी तरी निघंल."

"रोगट झाडाचं बी घेऊन काय करती? माझ्यासंगं लाइनवर फुलंब्रीकडचा एक जण हाय. त्यांनी नर्सरीतून संकरित रोपं आणली. ट्रेमधी मिळतेत, एकाला एक सारखी. पुढल्या साली आपण बी तेच लावू. सगळ्या रानात."

"सगळ्या?"

"मग काय माय-लेकांनी वाटणी घालायची का?"

"घाल की."

रामकिसननं बापाकडे बघितलं. सांडूनं सुपारीचं खांड गालात सारलं. "विहिरीमागच्या चार सऱ्या दे तिला. तिथं तसंबी तुझ्या ठिबकचं पाणी पोचायचं नाय."

"चार सऱ्या घे," रामकिसन म्हणाला. "पण तिथंबी असाच कोकडा आला तर मग बास, माय. घराण्याची मिरची म्हून रोग पोसत बसायचं नाय."

ती हो म्हणाली. मनातून मात्र धसकली. बी सरलं तर आणायचं कुठून? ज्या बाया तिच्याकडून बी न्यायच्या, त्यांच्याही दारात आता नर्सरीचे ट्रे येत होते. आवडाबाईच्या गाठीतलं बी आता तेवढ्या चार सऱ्यांत उरणार होतं.

मार्गशीर्षात रास घातली. रास कसली, दोन सतरंज्यांवर मावली. सरूबाई सूप घेऊन बसली आणि नेमकी त्याच दुपारी शैला आली. शैला औरंगाबादची, उस्मानपुऱ्यात वाढलेली. वडील कचेरीत कारकून, घरात शेतीचा गंध कुणाला नाही. ती मात्र शेतकीच्या वरच्या परीक्षेला बसली होती आणि तिच्या अभ्यासाचा विषय होता गावोगावची देशी मिरची. पाठीला पिशवी, पिशवीत कागदी पाकिटं. गावात कुणीतरी तिला सरूबाईचं घर दाखवलं होतं.

"मावशी, मला तुमच्या मिरचीचं बी हवंय. पण निवडलेलं नको," ती म्हणाली. "शेतातल्या झाडांवरून एकेक मिरची मिळाली तरी चालेल. वाकडी, बारकी, कशीही."

"भेसळ पायजे म्हन की."

"हो. भेसळच."

"येवढी शिकलीस अन् भेसळ मागाया आलीस? घरी सांगून निघालीस का?"

शैला हसली. खळ्याच्या कडेला बैठक मारत म्हणाली, "मावशी, सगळी झाडं अगदी एकसारखी झाली, तर तुम्ही निवडणार कशातून? वेगळेपणा हीच आमची पुंजी. ती संपली की निवडही संपली." मग तिनं सुपातली सगळ्यात देखणी मिरची उचलली आणि पाकिटावर पेन टेकवलं. "ही कुठल्या झाडाची?"

"कुठल्या म्हंजी? माझ्या रानातली."

"झाड कसं होतं? मिरच्या पुष्कळ होत्या का त्याला?"

शैलानं हे सहज विचारलं होतं. पाकिटावर तसा रकाना होता. पण सरूबाईचा हात राशीवर थांबला. मिरची राशीत आल्यावर झाड कुठे दिसतं? तीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता आणि तिनं स्वतःलाही विचारला नव्हता. तिनं सूप बाजूला ठेवलं. "चल रानात," ती म्हणाली.

शेवटच्या तोड्याच्या मिरच्या अजून झाडांवर होत्या. सरूबाई एका सरीत वाकली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. जिथं मिरची लांब आणि भरदार होती, तिथं झाडावर मोजक्याच मिरच्या होत्या. जे झाड लगडलेलं होतं, त्याच्या मिरच्या मध्यम, काही आखूड. ती पुन्हा मागे आली आणि पुन्हा बघितलं.

"लेकरं कमी, त्या घरी ताट भरून," ती हळूच म्हणाली.

"तसंच," शैला म्हणाली. "झाडाजवळ ताकद तेवढीच. दहांना वाटली की पोटभर, शंभरांना वाटली की घास घास."

इथं जरा थांबून नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे. मिरची लांब का झाली, याला दोन कारणं असू शकतात. एक, लांबी तिच्या रक्तातच आहे. दुसरं, तिच्या झाडाला मिरच्याच कमी लागल्या, म्हणून जी लागली तिला भरपूर मिळालं. राशीत या दोन मिरच्या शेजारी शेजारी पडल्या, तर त्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. सरूबाई दरसाल दोन्ही उचलत होती. पहिलीमुळे तिची मिरची देखणी होत गेली. दुसरीमुळे दरसाल थोडी थोडी कमी फळणारी झाडं तिच्या रानात वाढत गेली. नजर चांगली होती. फक्त ती चुकीच्या जागी बसून बघत होती. निवड खळ्यावर नाही, रानात उभं राहून करायची असते.

सरूबाईला हे तिच्या पद्धतीनं कळलं. "खाण तशी माती म्हनतेत," ती म्हणाली. "सून बघाया गेलो की आधी तिची माय बघतो. गोऱ्हा घेताना गाय कसी व्हती ते इचारतो. अन् मिरचीची माय कुणीच नाय बघितली."

मग तिनं शैलाला बांधाकडे नेलं. उफराटं झाड अजून हिरवं होतं. त्याच्या मिरच्या लाल होऊन तशाच आभाळाकडे बघत होत्या. तीस वर्षांचं कोडंही तिनं तिथंच विचारलं.

"पाखरं नाहीत, मावशी," शैला म्हणाली. "लोंबणाऱ्या मिरचीच्या पोटात उफराटेपण लपून राहतं. आई आणि बाप, दोघांकडून आलं तरच दिसतं. एकाकडूनच आलं तर झाड लोंबतंच, पण पुढच्या पिढीला देत राहतं."

"म्हंजी मी फांदी तोडीत व्हते अन् मूळ सुपात घेऊन बसत व्हते."

"असंच काहीसं."

"अन् हे वाचलं कसं? ह्याच्या अंगात दम हाय म्हून?"

शैला त्या झाडाभोवती फिरली. पान उलटं करून बघितलं, मक्याच्या वाळल्या धाटांकडे बघितलं. "असेल. किंवा नसेलही. मका उंच असतो, माशी त्याच्यावर अडते. याच्यापर्यंत ती पोचलीच नसेल, तर हे वाचलं यात याचं काय कौतुक?"

सरूबाईला हे बोलणं आवडलं नाही. खळ्यावर येऊन तिनं भरलेलं सूप राशीत परत ओतलं.

"काय झालं?" सांडूनं बाहेरून विचारलं. "सूप गळतं का?"

"सूप नाय. अक्कल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या फाडून ती रानात गेली. ज्या झाडाला मिरच्या भरपूर, त्याला लाल चिंधी. ज्याचं पान कमी वळलं, त्याला निळी. ज्याची मिरची खरी तिखट, त्याला पिवळी. पिवळीचं काम अवघड. चार-दोन झाडं चाखली की जीभ खोटं बोलायला लागते. मग ताकाची गुळणी, थोडा दम, आणि पुढचं झाड. असं करत तिनं सगळं रान पालथं घातलं. एक चिंधी पुष्कळ झाडांना मिळाली, दोन चिंध्या काहींना. तिन्ही चिंध्या एकाही झाडावर नव्हत्या. उफराट्याला निळी मिळाली, पिवळी मिळाली, लाल नाही.

त्या साली तिनं बी घेतलं ते लगडलेल्या झाडांचं आणि उफराट्याचं. उफराट्याच्या मिरच्या तोडताना तिला आवडाबाईचा तो रोखून बघणारा, शाबूत राहिलेला एक डोळा आठवला.

"वर गेल्यावर सासूला काय सांगू आता?" ती घरी येऊन म्हणाली.

"सांग की, उफराटी सून तर आधीच आली व्हती," सांडू म्हणाला.

पुढच्या साली रामकिसनची संकरित रोपं सगळ्या रानात लागली, एका उंचीची, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. विहिरीमागे चार सऱ्यांत सरूबाईची, कडेला मक्याचा पट्टा. तिच्या सऱ्यांत एकासारखं एक झाड नव्हतं. उफराट्याची लेकरं बहुतेक उफराटीच निघाली, पण काही चक्क लोंबली. तिनं शैलाला फोन लावून घेतला.

"जी लोंबली त्यांचा बाप शेजारच्या सरीतला, मावशी," शैला पलीकडून म्हणाली. "मधमाश्यांनी पराग आणला असणार. तीच जपा. उफराट्याचा दम आणि लोंबत्याची लांबी एकत्र आली असेल तर ती तिथंच."

"शेजारचा म्हनतीस? हळू बोल बाई. गावात माझी मिरची बदनाम व्हायची."

त्या साली कोकडा आलाच नाही. रामकिसनचं रान हिरवं, तिच्या सऱ्याही हिरव्या. "बघ, वाचली तुझी मिरची," तो म्हणाला. सरूबाई मात्र खूश दिसेना. "परीक्षाच नाय झाली अन् पास कसी म्हनू?" ती पुटपुटली.

पुढची काही वर्षं अशीच गेली. चिंध्या बांधायच्या, चाखायचं, निवडलेल्या झाडावर पुढची फुलं उमलायच्या आधी जुन्या मच्छरदाणीची पिशवी चढवायची, म्हणजे बाहेरचा पराग यायला नको. गावातल्या बाया बांधावरून जाताना विचारायच्या, "सरूबाई, टोपडी शिवली, आता बारसं कधी?" ती म्हणायची, "घुगऱ्या आणा, मग सांगते." लोंबणाऱ्यांची लेकरं पुन्हा दोन तऱ्हांची निघाली, काही लोंबती, काही उफराटी. शैलानं सांगितलं होतं तसंच. आता सरूबाई उफराटी उपटत नव्हती. आधी पान बघायची, मग चाखायची, मगच ठरवायची. रामकिसनची संकरित मिरची तिच्यापेक्षा जास्त पिकायची, हे तीही नाकारत नव्हती. पण घरच्या तिखटाला रामकिसनची बायकोसुद्धा विहिरीमागचीच मिरची न्यायची, न बोलता.

आणि मग एका साली कोकडा परत आला. रामकिसनची संकरित झाडं पहिल्यांदा आखडली. एकाला एक सारखी होती म्हणून आखडलीही एकसारखी. तो विहिरीमागे गेला तर तिथं काही झाडं वळलेली, काही ताठ. ताठ झाडांत एक असं होतं, लांब लोंबत्या मिरच्यांचं, लगडलेलं, हिरवंगार, की सरूबाईनं त्याला लाल, निळी आणि पिवळी, तिन्ही चिंध्या बांधल्या होत्या.

रामकिसननं खाली बसून त्या झाडाचं एकेक पान उलटून बघितलं. घरी येऊन म्हणाला, "माय, तू जिंकलीस. पुढल्या साली अर्ध्या रानात तुझी मिरची लावू. लोकबी मागतेत बी. देऊन टाक."

ज्या वाक्याची तिनं इतकी वर्षं वाट बघितली होती, ते हे होतं. पण ती सकाळी उठून परत विहिरीमागे गेली आणि एकेक ताठ झाड बघत चालली. पहिलं ताठ झाड मक्याच्या बाजूला. दुसरंही. तिन्ही चिंध्यांचं झाड तर अगदी मक्याला टेकून. मधल्या सऱ्यांत ताठ झाडं नव्हती असं नाही, पण फार थोडी. शैलाचं ते न आवडलेलं बोलणं तिला शब्दन् शब्द आठवलं.

"नाय द्यायचं बी," ती रामकिसनला म्हणाली.

"आता काय झालं?"

"मला अजून मालूम नाय ते कामून वाचलं. मागं लोकांना लांब मिरची दिली, अन् लोक म्हनले सरूबाईची नजर. त्यांच्या राशी आटल्या तवा मी नव्हते बघाया. आता हे 'कोकडा येत नाय' म्हून दिलं अन् मक्यामुळं वाचलेलं निघालं, तर?"

"मग मकाबी लावा म्हून सांगू."

"मग बी कशाला? मकाच वाटू की."

सांडू ओसरीवर खोकला. तो हसत होता.

तिन्ही चिंध्यांच्या झाडाचं बी तिनं जपलं, आणि पुढच्या साली रोपं लावली ती विहिरीमागे नाही, उघड्या रानात, मधोमध. मक्याचं एक धाटही जवळ नको म्हणाली. वर प्रत्येक रोपाच्या दोन्ही अंगांना जुन्या, हमखास वळणाऱ्या मिरचीची रोपं लावली आणि त्यांच्यावर औषध मारू दिलं नाही. हे मात्र शैलानं सुचवलं होतं. शैला आता एका बियाणे केंद्रात नोकरीला होती आणि म्हणाली होती की आम्हीही असंच करतो.

रामकिसनला ते बघवेना. "माय, तू रोगाला आवतण देऊन ऱ्हायली."

"आवतण दिल्याबिगर कळत नाय, कोन जेवतं अन् कोन उपाशी उठतं."

यंदा पांढरी माशी लवकर आली. अंगठ्याच्या नखाएवढी मिरची धरली होती तेव्हाच. सरूबाई आता साठीची. चिकुनगुन्यानं धरलेली बोटं थंडीत अजून धरतात. रोज सकाळी ती उघड्या रानात जाते आणि शेजारच्या झाडांकडे आधी बघते. त्यांचे शेंडे वळायला लागले आहेत. मग मधल्या झाडाचं पान बोटावर घेऊन उलटं करते. माशी तिथंही बसलेली आहे, पिठाचा कण चिकटावा तशी. पान अजून सपाट आहे. पण माशी बसल्यापासून पान वळेपर्यंत दिवस जावे लागतात, हे तिला माहीत आहे. ती पान सोडते. उडालेली माशी पुन्हा तिथंच येऊन बसते.

हे पान सपाट राहिलं तर तिची मिरची अर्ध्या रानात जाईल, मागणाऱ्या बायांच्या पदरात जाईल आणि देताना तिला काही ऐकवावं लागणार नाही. वळलं तर पुन्हा चिंध्या. वाचलेलं झाड रोगाला पुरून उरलं होतं, की रोग त्याच्या दारात आलाच नव्हता? दोन्ही तऱ्हांची झाडं लांबून सारखीच हिरवी दिसतात, राशीतल्या दोन मिरच्यांसारखी.

त्या दिवशी रानातून येऊन तिनं पायांवर पाणी घेतलं. सांडू ओसरीवर, जिथं चिकुनगुन्याच्या साली त्याची खाट होती तिथंच, सुपारी कातरत बसला होता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. मिरचीच्या झाडाकडे बघावं तशी.

"काय बघती?" तो म्हणाला.

"अवो, खरं सांगा," ती म्हणाली. "त्या साली तुम्हाला डास चावलाच नव्हता, का चावूनबी काय झालं नव्हतं?"